नवा लेखक पाहिजे, शक्यतो दिवंगत

पुस्तक ही अत्यंत जबाबदारीची वस्तू आहे. ती मिटलेली असते तोवर तिच्यापासून कोणालाही इजा होत नाही. उघडल्यावर मात्र आतून काय निघेल याची हमी देता येत नाही, आणि एकदा वाचलेले पुन्हा न वाचलेले करण्याचा उपाय अजून कोणत्याही धर्मपंडिताला सापडलेला नाही. म्हणून ज्या समाजाला पुस्तकांबद्दल खरा आदर असतो, तो समाज पुस्तके काचेच्या कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली अशा गृहस्थाकडे देतो ज्याला चष्म्याशिवाय कुलूप दिसत नाही.

या बाबतीत सदर धर्मग्राम आदर्श होता. (धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या भोवती राहणारी आणि एकमेकांच्या घरात आज कोण कोणाशी बोलत नाही हे पक्के ठाऊक असलेली माणसे.) चर्चमागच्या हॉलमध्ये असे कपाट होते आणि किल्ली निवृत्त मुख्याध्यापकांकडे होती. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. त्यांच्या कारकिर्दीत कपाटातले एकही पुस्तक हरवले नाही, फाटले नाही किंवा कोणाच्या डोक्यात शिरले नाही.

अशा सुखात सगळे चालले असताना बिशप भेटीला आले. मिस्साची उपासना झाल्यावर चहा घेता घेता त्यांनी सहज विचारले, “मग, सध्या घराघरांत काय वाचताय?” प्रश्न वेळ घालवण्यापुरताच होता. पण हॉलमध्ये अशी शांतता पसरली की कपबशी खाली ठेवायची चोरी झाली. शेवटी एका कुटुंबप्रमुखाने प्रामाणिकपणे सांगितले, “विजेचं बिल.” बिशप मनापासून हसले. फादर हसले नाहीत.

पुढच्याच रविवारी प्रवचनाच्या शेवटी फादरांनी ‘कुटुंबे व शिक्षक यांच्यासाठी नवीन कॅथलिक पुस्तके व नवीन लेखक शोध समिती’ स्थापन झाल्याचे जाहीर केले. (नाव मुद्दामच लांब ठेवले होते. ते पूर्ण उच्चारल्यावर माणसाला प्रश्न विचारण्याइतका दम उरत नाही.) कपाटाची किल्ली असल्यामुळे सर आपोआप अध्यक्ष झाले. फादर पदसिद्ध होते. मूर्तीवाले काका व्यापाराच्या बाजूने आले. चर्चसमोर त्यांचे जपमाळा, मेणबत्त्या आणि मूर्तींचे दुकान होते आणि त्यात पुस्तकांसाठीही एक खण राखून ठेवलेला होता, ज्यात मेणबत्त्यांची जादा खोकी नीट बसत. चौथ्या सदस्य म्हणून बाई. त्या रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत, म्हणजे शिक्षक झाल्या. त्यांना नवरा, मुलगी आणि सासू होती, म्हणजे कुटुंब झाले. एकाच खुर्चीत दोन घटकांना प्रतिनिधित्व मिळाले आणि चहा कोण करणार हाही प्रश्न सुटला.

बाईंना मात्र या नेमणुकीचा अगदी मनापासून आनंद झाला. वर्गात शिकवायला त्यांच्याकडे जे पुस्तक होते ते प्रश्नोत्तरांचे होते आणि त्याचे मुखपृष्ठ बाईंच्या आधीच्या बाईंच्या काळातच गेले होते. ‘प्रश्न: देव कोठे आहे? उत्तर: देव सर्वत्र आहे.’ यावर एका मुलीने “मग आत्ता माझ्या दप्तरात पण?” असे विचारले होते आणि त्याचे उत्तर पुस्तकात नव्हते. बाई वर्गात शिरल्या की मुलांचे चेहरे दुकानाचे शटर ओढावे तसे खाली येत. हे बाईंना दर रविवारी लागत असे, आणि दर रविवारी त्या घरी येऊन तो राग पोळ्यांच्या कणकेवर काढत.

आणि गंमत अशी की नवे पुस्तक आणि नवा लेखक, दोन्ही त्यांच्या घरातच होते. पलंगाखाली.

बाईंच्या सासूबाई जन्मभर प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. अर्ध्या धर्मग्रामाला त्यांनीच पहिली चापट मारून रडवले होते. वेणा देणाऱ्या बायकांच्या उशाशी बसून, त्यांचे लक्ष दुसरीकडे लावायला म्हणून, त्या गोष्टी रचून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या लिहून काढल्या आणि कोपऱ्यावरच्या छापखान्यातून एक पातळसे पुस्तक छापून आणले. नाव ‘डुगडुगतं टेबल’. पहिल्याच गोष्टीत संत योसेफ एक टेबल करतात. टेबल चांगले असते, पण शेजारणीच्या घरची जमीनच उंचसखल, त्यामुळे ते तिथे गेल्यावर डुगडुगते. शेजारीण गावभर बोंब मारते. योसेफ चिडतात, पाय तासायला निघतात, आणि छोटा येशू टेबलाखाली शिरून म्हणतो, “बाबा, थांबा. टेबलाला काही झालेलं नाही. मी दगड आणतो.” एवढीच गोष्ट. बाईंच्या मुलीने ती इतक्या वेळा ऐकली होती की चुकून एक शब्द गाळला तरी ती आजीला थांबवत असे.

पुस्तकाच्या उरलेल्या प्रती, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, सासूबाईंच्या पलंगाखाली खोक्यात होत्या. आता त्यांचे डोळे चालले होते. पडदाच खराब झाला होता. डॉक्टरांनी हात वर केले होते आणि फार तर वर्षभर काही दिसेल असे सांगितले होते. सासूबाईंनी ते ऐकून घेतले आणि घरी येऊन सुनेला एकच गोष्ट मागितली.

“पोरं गोष्ट ऐकायला लागली की तोंड कसं उघडं टाकतात, ते बघायचंय गं मला. माझ्या गोष्टी ऐकणाऱ्या बायका सगळ्या डोळे मिटून कण्हत असायच्या. एकदा पोरांची तोंडं बघते, मग अंधार तर अंधार.”

“बघाल, आई,” बाई म्हणाल्या. “नाताळच्या आत बघाल. आता तर समितीच आहे.”

कोणी म्हणेल, त्यात काय, पुस्तक उचलायचे आणि वर्गात जायचे. बाईंचा नवराही तेच म्हणाला. तो नळ दुरुस्तीची कामे करी आणि त्यामुळे त्याची विचारसरणी थेट होती. “नळ गळायला लागला की मी समिती नेमतो का?” असे त्याने विचारले. परंतु मंजुरीवाचून कोणतेही पुस्तक वर्गात न्यायचे नाही असा नियम होता, आणि बाई नियम पाळणाऱ्यांतल्या होत्या. अशा माणसांवरच संस्था उभ्या असतात. (अक्षरशः.) काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण समितीलाही ठाऊक होती, पण वळसा पूर्ण झाल्याशिवाय कळसा हाती घेणे नियमात बसत नव्हते.

पहिल्या बैठकीत ‘नवा लेखक’ म्हणजे कोण, हे ठरले. लेखक नवा असावा, परंतु सर्वांच्या परिचयाचा असावा. त्याने काही नवे सांगावे, परंतु ते आपल्याला आधीच मान्य असावे. तो लहान मुलांना आवडावा, परंतु मोठ्यांना खटकू नये. आणि मोठे वाचणार नसल्यामुळे त्यांना काय खटकेल याचा अंदाज अध्यक्षांनी बांधावा. शेवटची अट सरांनी स्वतः घातली: लेखक शक्यतो दिवंगत असावा.

“हयात लेखकाचा भरवसा नसतो,” सर म्हणाले. “आज संतांवर लिहील, उद्या समितीवर लिहील.”

हे सर्वांना पटले. फादरांनी त्याला शास्त्राचा आधारही दिला. चर्चकडे माणसाला संत ठरवण्याची एक कसून तपासलेली पद्धत आहे. माणूस आधी वारावा लागतो, मग तो पायरी पायरीने सेवक, आदरणीय, धन्य आणि अखेर संत होतो. त्याच्या नावावर दोन चमत्कार लागतात. आणि पूर्वी तर त्याच्याविरुद्ध बोलायला एक अधिकारीच नेमत, ज्याला लोक सैतानाचा वकील म्हणत. या कामाला कधी कधी शतके लागतात आणि आजवर एकाही उमेदवाराने उशिराबद्दल तक्रार केलेली नाही. तीच पद्धत पुस्तकांना लावावी असे एकमताने ठरले. समितीपुढे पुस्तक एकच होते, बाईंनी आणलेले सासूबाईंचे. मुले तोवर मोठी होतील, हा मुद्दा बाईंनी मांडला. मुले मोठी होणे हे समितीचे उद्दिष्टच आहे, असे त्यांना सांगण्यात आले.

सैतानाच्या वकिलाची जागा भरताना जरा अडले. सैतानाच्या वकिलाकडून कोणी मूर्ती विकत घेणार नाही, असे काकांचे म्हणणे पडले. फादरांच्या झग्याला ते शोभले नसते. राहता राहिल्या बाई.

“सुनेनं सासूच्या लिखाणातल्या चुका काढायच्या,” सर प्रसन्नपणे म्हणाले. “मी तीस वर्षं नेमणुका केल्या. इतकी नैसर्गिक नेमणूक एकही नव्हती.”

अशा रीतीने ज्या पुस्तकासाठी बाई समितीत आल्या होत्या, त्या पुस्तकाविरुद्ध बोलणे हे त्यांचे अधिकृत कर्तव्य झाले. त्यांनी पुस्तकाच्या बाजूने काही म्हटले की फादर हळूच “बाई, पद” अशी आठवण करून देत.

छाननी सुरू झाली. सदस्यांनी पुस्तक वाचायचे नाही हे आधीच ठरले होते, कारण वाचल्यावर मन कलुषित होते आणि निर्णय निःपक्षपाती राहत नाही. पुस्तक हातात घेऊन त्याचे वजन पाहिले गेले. मलपृष्ठ पाहिले गेले; त्यावर कोणा मोठ्या माणसाची शिफारस नव्हती, हा गंभीर दोष आढळला. मुखपृष्ठावर टेबल, टेबलाशेजारी हातोडा घेतलेले योसेफ आणि टेबलाखाली एक मूल होते. सरांनी चष्मा बदलला.

“संत योसेफ कसबी कारागीर. त्यांचं टेबल डुगडुगेल कसं? हे श्रद्धेला धरून आहे का?”

“सर, टेबल चांगलंच असतं,” बाई न राहवून म्हणाल्या. “जमीन वाकडी असते. आत आहे ते.”

“आत,” असे म्हणून सरांनी सुस्कारा सोडला.

काकांनी व्यापाराच्या बाजूने मत दिले. “माझ्याकडे जे संत योसेफ येतात त्यांच्या हातात करवत असते, पण टेबल नसतं. टेबल घातलं की गाडीत पाय मोडतात. लोक मला परत आणून देतात.” हे मत पुस्तकाविरुद्ध धरण्यात आले.

याच बैठकीत पहिला चमत्कार घडला. हॉलमधले टेबलही चांगलेच डुगडुगत असे आणि सरांनी मुद्दा ठासून मांडताना त्यावर हात आपटला तेव्हा फादरांच्या पांढऱ्या झग्यावर चहा सांडला. काकांनी चटकन हाताला लागले ते पुस्तक उचलून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवले. टेबल जागच्या जागी थांबले. कितीही हात आपटले तरी हलेना. सर्वांनी एकेकदा आपटून पाहिले. फादरांनी झगा पुसणे थांबवले आणि गंभीर आवाजात विचारले, “आपण सगळ्यांनी पाहिलं ना?”

नैसर्गिक कारण नाकारण्यासाठी तज्ज्ञाचे मत घेणे आवश्यक होते. म्हणून एका सुताराला बोलावले. त्याने खाली वाकून पाहिले आणि “पुस्तक घातलंय म्हणून हलत नाही” असे सांगितले. ‘तज्ज्ञाला पुस्तकाखेरीज अन्य कोणतेही कारण दाखवता आले नाही,’ अशी नोंद झाली. चमत्कार मान्य करण्यात आला आणि पुस्तक तिथेच ठेवण्यात आले.

दुसरा चमत्कार त्याहून मोठा होता. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना काकूंनी, म्हणजे मूर्तीवाल्या काकांच्या पत्नीने, काउंटरखाली ठेवलेली एक प्रत उघडली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग मेणबत्त्या घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी दोनदा “थांबा हं जरा” म्हणून सांगितले. लग्न झालेल्या, घरदार असलेल्या कॅथलिक व्यक्तीने एक संपूर्ण पुस्तक स्वखुशीने वाचल्याचे उदाहरण धर्मग्रामाच्या इतिहासात नव्हते. फादर हा चमत्कार मान्य करायला निघालेच होते. पण सरांनी हरकत घेतली. पुस्तक मंजूर झालेले नव्हते. म्हणजे वाचन आज्ञाभंगातून घडले होते, आणि आज्ञाभंगातून घडलेला चमत्कार चमत्कार नव्हे, गुन्हा होय. काकूंना समज देण्यात आली. काकूंनी माफी मागितली नाही. “दुसरं आहे का हो तिचं?” एवढेच विचारले.

आता मुख्य अट राहिली होती. सर आणि फादर एका संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन लेखिकेच्या प्रकृतीची चौकशी करायला गेले. बाईंनी खुर्च्या पुढे केल्या. सासूबाई दोन्ही पाहुण्यांकडे मान तिरकी करून बघत होत्या, कारण आता त्यांना समोरचे दिसत नसे, कडेचे थोडे दिसे.

“कशी काय तब्येत?” सरांनी आशेने विचारले.

“डोळे सोडले तर ठणठणीत. दात सगळे माझेच आहेत.”

“बीपी?”

“छे.”

“शुगर?”

“दोन चमचे. बाई, घाल गं चहात नीट.”

“घराण्यात साधारण… किती जगतात?”

“माझी आजी शंभरीला टेकली होती.”

“अरेरे,” फादर म्हणून गेले, आणि मग त्यांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला.

सासूबाईंना सगळे कळत होते. आयुष्यभर त्यांनी दाराबाहेर येरझाऱ्या घालणारी माणसे पाहिली होती. कोण कशाची वाट बघतो आहे ते त्यांना पावलांवरून समजे. “फादर,” त्या म्हणाल्या, “मी गेल्यावर तुम्ही माझं पुस्तक पोरांना वाचून दाखवाल. चांगलं आहे. पण मग मला त्यांची तोंडं दिसणार कशी?”

“आई, स्वर्गातून सगळं दिसतं,” फादर म्हणाले. ते मनाने चांगले होते.

“वरून टाळकी दिसतात, फादर. मला तोंडं बघायचीत.”

यावर धर्मशास्त्रात काही सापडते का ते पाहतो, असे सांगून फादर उठले. सर जाताना बाईंना म्हणाले, “काळजी घ्या त्यांची.” (त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.)

पुढच्या बैठकीत बाईंनी पद बाजूला ठेवून विनंती केली. एकच रविवार द्या. अर्धा तास द्या. पुस्तक मंजूर करू नका, नुसते वाचू द्या. आईंना महिन्याभरात काहीच दिसणार नाही. कोणीही त्यांना मध्ये थांबवले नाही, कारण समिती असभ्य नव्हती. त्या बोलून झाल्यावर विषयाच्या भावनिक बाजूचा अभ्यास करण्यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीत सर होते. पुढच्या बैठकीत उपसमितीने अभ्यासाला मुदतवाढ मागितली आणि समितीने, म्हणजे सरांनी, ती दिली. नाताळ आला आणि गेला. सासूबाई आता चहा बशीत ओतताना बशीच्या बाहेर ओतत आणि सुनेला तिच्या चपलेच्या आवाजावरून ओळखत. त्यांनी एकदाही विचारले नाही की काय झाले. विचारले असते तर बाईंना बरे वाटले असते.

आणि अशात, सासूबाईंना शिंकसुद्धा आलेली नसताना, साध्या सर्दीचे निमित्त होऊन सर वारले.

धर्मग्रामावर शोककळा पसरली. “त्यांनी जन्मभर पुस्तकांचं रक्षण केलं,” असे फादर अंत्यविधीच्या प्रवचनात म्हणाले आणि ते अक्षरशः खरे होते. पण दुःखातही विचार थांबत नाही. अंत्ययात्रेहून परतताना काकांना एकदम काहीतरी आठवले आणि ते रस्त्यातच उभे राहिले.

“फादर, सर लिहायचे की!”

सर लिहायचे. शाळेची वार्षिके, चर्चच्या स्मरणिका, कोणाकोणाची कवितांची वह्यावजा पुस्तके, सगळ्यांना प्रस्तावना सरांची असे. मूळ पुस्तक त्यांनी कधीच वाचलेले नसे, त्यामुळे लिखाणात एक प्रकारचा अलिप्तपणा होता. आता अटी पाहा. कॅथलिक: होय. सर्वांच्या परिचयाचे: होय. नवे: निःसंशय, कारण प्रस्तावना कोणीच वाचत नाही. आणि जी मुख्य अट इतरांना जमत नव्हती ती सरांनी विनातक्रार पूर्ण केली होती. चमत्कारांचा प्रश्न फादरांनी उदारपणे सोडवला. सरांच्या शोकसभेत सात भाषणे झाली आणि एकही माणूस उठून गेला नाही, हा पहिला. दुसऱ्याला सूट देण्यात आली.

नवा लेखक सापडला होता. ठराव एकमताने मंजूर झाला. बाईंचाही हात वर होता. दुसऱ्या हातात चहाचा ट्रे होता आणि कुठला हात कशासाठी आहे हे त्यांना त्या क्षणी नीट समजले नाही, असे त्या पुढे स्वतःला सांगत.

‘प्रस्तुत पुस्तकाविषयी’ हा ग्रंथ जाड निळ्या पुठ्ठ्यात, सरांच्या फोटोसह, अवघ्या दीड महिन्यात निघाला. प्रत्येक कुटुंबाला एक प्रत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात सक्तीचे वाचन. नमुन्यादाखल त्यातला एक उतारा देणे उचित होईल: ‘प्रस्तुत पुस्तक वाचकांनी वाचावे असे आहे. वाचकांनी ते वाचल्यास त्यांना ते वाचल्याचे समाधान लाभेल, आणि हे समाधान अन्य कोणत्याही मार्गाने, उदाहरणार्थ न वाचल्याने, लाभणे कठीण.’

बाईंनी दोन रविवार हे वर्गात वाचले. दुसऱ्या रविवारी दप्तरवाल्या मुलीने विचारले, “बाई, पण प्रस्तुत पुस्तक कुठाय?” बाईंनी ग्रंथ मिटला. त्या दिवशी घरी येताना त्यांना सरांचा राग आला नाही, समितीचा आला नाही, स्वतःचाच आला. एवढे दिवस आपण कोणाची परवानगी मागत होतो, आणि कशासाठी, हे त्यांना धडपणे सांगता येईना. सासूबाई खिडकीत बसून खिडकीकडे पाठ करून होत्या, कारण उजेड कुठून येतो तेही आता त्यांना नक्की कळत नव्हते. ते पाहून बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या.

तिसऱ्या रविवारी त्यांनी सरांच्या ग्रंथाचा निळा पुठ्ठा कात्रीने सोडवला, त्यात ‘डुगडुगतं टेबल’ घातले, सासूबाईंना हाताला धरून वर्गात नेले आणि पहिल्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसवले. सासूबाईंनी तोंड उत्सुकतेने भिंतीकडे केले. बाईंनी त्यांचे खांदे धरून त्यांना मुलांकडे वळवले आणि वाचायला सुरुवात केली.

शेजारीण बोंब मारू लागली तेव्हा मुले हसली. योसेफ करवत घेऊन निघाले तेव्हा कोणी हसले नाही.

“थांब,” सासूबाई कुजबुजल्या. “तोंडं कशी झालीत, सांग.”

बाईंनी पुस्तकातून मान वर केली. इतकी वर्षे त्या या मुलांना शिकवत होत्या. “पहिल्या बाकावरची एकटक बघतेय, आई. तोंड उघडंय, पुढचे दोन दात पडलेत. मागचा एक बाकावर गुडघे टेकून उभा राहिलाय. आणि तो कोपऱ्यातला… त्याचे डोळे भरलेत.”

“योसेफ चिडतो म्हणून?”

“हो.”

“सगळ्यांची सांग,” सासूबाई म्हणाल्या. “एकेकाचं. घाई करू नकोस.”

बाईंनी एकेकाचे सांगितले. मुलेही आपापली पाळी येईपर्यंत तोंड तसेच ठेवून बसली.

नियमभंगाचे परिणाम अर्थातच झाले. मुलांनी घरी जाऊन टेबलाची गोष्ट सांगितली. आईबापांनी एकमेकांना सांगितली. आणि ग्रंथ निळा असल्यामुळे सगळा धर्मग्राम थक्क झाला. सर एवढे रसाळ लिहीत होते आणि आपल्याला पत्ताच नाही! बिशपांकडून कौतुक आले. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, सरांच्या नावे बालसाहित्याचा पुरस्कार ठेवला गेला, हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो लागला. ग्रंथात टेबलाची गोष्ट नाहीच, हे आजतागायत कोणाच्या लक्षात आलेले नाही, कारण त्यासाठी तो उघडावा लागला असता. काकूंनी तेवढे ओळखले आणि दुकानात येईल त्याला सांगितले. एकदा समज मिळालेल्या माणसाचे कोण ऐकतो? बाई स्वतः फादरांकडे जाऊन खरे ते बोलल्या. फादरांनी दार लावून घेतले, डोके धरले आणि म्हणाले, “आता हे बाहेर पडलं तर लोकांचा वाचनावरचा विश्वास उडेल हो. तुमच्या आईंचं प्रकरण आपण बंद केलेलं नाही. रीतसर चालू आहे. त्यांना म्हणावं, धीर धरा.”

सासूबाई धीर धरून आहेत. त्यांची प्रकृती उत्तम आहे.

वाचक, आपल्याला या ठिकाणी संताप आला असेल तर तो योग्यच आहे आणि समिती त्याचा आदर करते. फक्त एक किरकोळ बाब. आपल्याही ओळखीत असे कोणीतरी लिहिणारे आहे. त्याने स्वतःच्या हाताने सही करून दिलेली प्रत आपल्या घरात आहे, आणि भेट झाली की आपण त्याला “वाचायला घेतलंय हं, थोडंच राहिलंय” असे सांगत आला आहात. हे बोलताना तो आपल्या तोंडाकडे कसा बघतो, तेही आपण पाहिलेले आहे. तेव्हा समितीने आपल्याला सदस्य करून घेतले आहे. अर्ज करण्याची गरज नाही. त्याच्या शोकसभेत आपल्याला दोन शब्द बोलायचे आहेत. कृपया त्या दिवशी तरी पुस्तकाचे नाव बरोबर सांगावे.